ग्वाल्तेर फुर्ताडोच्या नावाचा पूल

अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या पॅस्कमेट गावात कुणाचं काही काढून घ्यायचं असलं की आधी त्याचा सत्कार करतात. देओलिंडा फुर्ताडोला ही रीत माहीत नव्हती असं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेल्या कन्सेसांवबाईंना गावाने भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि थोड्याच दिवसांत शाळेचं जेवण बाहेरच्या कंपनीकडून यायला लागलं. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत देओलिंडाही होती. पण दुसऱ्याच्या सत्कारात जे दिसतं, ते आपल्या सत्कारात दिसत नाही.

तिचा नवरा ग्वाल्तेर गावचा पोलीस होता. पोर्तुगीज वस्तीतला पहिला. त्याच्या आधी पॅस्कमेटच्या पोलिसात शिरायचं तर टेबरांच्या नाहीतर पेकहॅमांच्या घरात जन्म घ्यावा लागे, निदान त्यांच्या मुलीशी लग्न तरी करावं लागे. मग गावाने कधीतरी सिव्हिल सर्व्हिस स्वीकारली. राज्य परीक्षा घेणार, राज्य यादी लावणार, आणि गावाने वरून खाली माणसं घ्यायची. ग्वाल्तेर मासळीच्या कारखान्यातल्या हमालाचा मुलगा. यादीत पहिला आला. पोलिसांच्या चीफने त्याचं नाव वाचून दाखवताना दोनदा चुकवलं, पण घ्यावं लागलं.

तो मेला तो चोरामागे धावताना नव्हे. गावाबाहेर गॅसची पाइपलाइन टाकत होते आणि तो रस्त्यावर गाड्या थांबवायला उभा होता. एका कामगाराने कागदी पेल्यात कॉफी पुढे केली. ती घ्यायला तो वळला, कामगार काहीतरी बोलला, ग्वाल्तेर हसला, आणि मागून पावाचा ट्रक आला. गाड्यांकडे पाठ करून उभं राहायचं नाही, हे पोलिसाला पहिल्याच दिवशी शिकवतात. जोएल तेव्हा नुकता चालायला लागला होता. देओलिंडाने त्याला प्रार्थना शिकवायच्या आधी ही एक गोष्ट शिकवली. गल्लीत चेंडू खेळतानासुद्धा ती खिडकीतून ओरडायची, "पाठ कुणाकडे आहे तुझी?"

राज्याच्या कायद्यात एक कलम होतं. कामावर मेलेल्या पोलिसाच्या मुलाने परीक्षा नुसती पास केली, तरी त्याचं नाव यादीत सगळ्यांच्या वर. जोएल दोनदा नापास झाला. हळू बोलणारा, हळू लिहिणारा मुलगा. शिंपल्यांच्या बोटीवर कामाला जायचा आणि उरलेल्या वेळात पुस्तक घेऊन बसायचा. तिसऱ्यांदा पास झाला, काठावर. शरद ऋतूत म्हातारा सार्जंट निवृत्त होणार होता. जागा एक, आणि यादीत सगळ्यांत वर जोएल फुर्ताडो.

डोनटच्या दुकानात लोक म्हणायचे, "बाप मेल्याचे मार्क मिळालेत त्याला." हे ते देओलिंडासमोर म्हणत नसत. पण दुकान लहान होतं आणि ती कॉफी तिथेच घ्यायची.

*

वॉरन टेबर घरी आला तेव्हा ती केलच्या पाल्याच्या सुपात लिंगुइसा सॉसेजचे तुकडे सोडत होती. वॉरन म्हणजे गावचा कारभार बघणाऱ्या मंडळाचा मुख्य. उंच, पातळ केसांचा, कुणाच्याही घरात शिरताना डोकं वाकवणारा. दार कितीही उंच असलं तरी.

"वास गल्लीच्या टोकापर्यंत आला," तो म्हणाला. "म्हटलं, मिसेस फुर्ताडोंनी बोलावलं नाही तरी जावं."

"बसा. वाडगा देते."

"नको, डॉक्टर ओरडेल. थोडंच द्या." त्याने दोन वाडगे खाल्ले. मग रुमालाने ओठ पुसून म्हणाला, "यंदाच्या गावसभेत ग्वाल्तेरचं नाव पुलाला द्यायचा ठराव आणतोय. ओढ्यावरच्या पुलाला. फार उशीर झाला, मला कळतं."

देओलिंडा गॅस बंद करायला वळली आणि तशीच उभी राहिली. एवढ्या वर्षांत गावाने ग्वाल्तेरसाठी काय केलं होतं? स्मृतिदिनाच्या मिरवणुकीत त्याचं नाव वाचायचे. वाचणारा बदलला की उच्चार बदलायचा.

"तुम्ही स्टेजवर बसायचं," वॉरन म्हणाला. "आमच्या शेजारी. लोकांना तुम्ही दिसल्या पाहिजेत."

"स्टेजवर मी काय करू?"

"काही नाही. बसायचं. ते तुमचंच आहे."

जाताना दारात त्याने डोकं वाकवलं. पोलीसभरतीबद्दल तो काहीच बोलला नाही. पण त्याच सभेच्या छापील पुस्तिकेत, पुलाच्या ठरावाच्या खालीच, सतरावा ठराव होता: गावच्या पोलीसभरतीला राज्याच्या सिव्हिल सर्व्हिसमधून वगळावं, अशी कायदेमंडळाला विनंती करणे. म्हणजे यादी गेली. यापुढे चीफ आणि मंडळ मुलाखत घेऊन हवा त्याला घेणार. पोलिसांच्या युनियनला पगारवाढ देऊन आधीच गप्प केलं होतं.

ते देओलिंडाने वाचलं होतं. जोएलनेही वाचलं होतं. सतराव्या ठरावापुढे एक चांदणी छापलेली होती, आणि चांदणीचा अर्थ पॅस्कमेटमधल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. चांदणीवाले ठराव चर्चेशिवाय एकदम मंजूर करतात. सभापती नुसते नंबर वाचत जातो. कुणाची हरकत असली तर नंबर वाचताच मतदाराने ओरडायचं, "रोखा." एकाने जरी म्हटलं तरी तो ठराव बाजूला निघतो आणि मग त्यावर बोलता येतं, भांडता येतं, माणसं वळवता येतात. कुणी काही म्हटलं नाही तर सगळे एका हातोड्यात पास.

"एकच शब्द आहे, माय," जोएल म्हणाला. तो बोटीवर निघाला होता, रबरी बूट काखेत. शनिवारच्या सभेला तो समुद्रावर असणार होता. खेप चुकवली तर कप्तान दुसरा माणूस घ्यायला टपलेलाच. "तू रोखलंस की पुढचं लोक बोलतील. बाबांबरोबर काम केलेली माणसं आहेत अजून. पण आधी कुणीतरी रोखायला हवं, आणि तू असताना दुसरं कुणी ओरडणार नाही."

"तीस वर्षं त्या सभेला जातेय मी. मला शिकवतोस?"

"स्टेजवर बसू नकोस."

"का? तुझ्या बापाचा मान आहे तो."

"खाली बस. कडेच्या खुर्चीवर. कार्ड हातात ठेव." त्याला एवढं बोलायला बराच वेळ लागला. "मान सभा झाल्यावर घे."

"तू बोटीला उशीर करतोयस," ती म्हणाली.

शेजारची ओतीलिया कुंपणावर हात ठेवून ऐकत होती. दोघींनी जवानीत मासळीच्या कारखान्यात एका टेबलावर सुऱ्या चालवल्या होत्या. दोघींच्या बोटांवर सारख्याच जागी व्रण होते. ओतीलियाचा नातू ब्रेट कॉलेजात पोलिसांचंच काहीतरी शिकला होता आणि चीफच्या मुलाबरोबर हॉकी खेळायचा.

"जा रे बाबा निवांत," ती जोएलला म्हणाली. "तिची जीभ अडली तर मी ओरडेन. माझा आवाज बंदरापर्यंत जातो, ठाऊक आहे ना?"

जोएल हसला. तो क्वचित हसायचा, आणि हसला की हुबेहूब ग्वाल्तेर दिसायचा.

*

पूर्वी गावसभा जुन्या शेतकरी-सभागृहात भरायची. मध्ये लोखंडी शेगडी, मागच्या बाजूला चर्चच्या बायका घेवड्याची उसळ आणि ॲपल पाय विकायच्या, आणि पुरुष तोंडात घास असतानाच ठरावाला विरोध करायचे. ग्वाल्तेर दारात उभा असायचा, गणवेशात. देओलिंडा आत शिरली की तो तिला ओळख न दाखवता म्हणायचा, "बाई, कार्ड घेतलंत का?" आणि ती म्हणायची, "घेतलं, साहेब." दर वर्षी. त्यांची ती थट्टा होती.

आता सभा शाळेच्या जिममध्ये, खेळाच्या हॉलमध्ये. दाराशी टेबलं, टेबलांवर मतदारांच्या नावांचे कागद. नावावर खूण करून पिवळं कार्ड देतात. कार्ड असेल त्यानेच बोलायचं, त्यानेच मत द्यायचं. कार्ड नसलेल्यांनी बास्केटबॉलच्या जाळीखाली, दोरीपलीकडे बसायचं.

वॉरन पार्किंगमध्येच थांबला होता. त्याने गाडीचं दार उघडलं, हातात पांढऱ्या लिलींचा गुच्छ दिला आणि आपला दंड पुढे केला. "इकडून चला. पायऱ्या कमी आहेत."

इकडून म्हणजे मागच्या दाराने, मुलांच्या कपडे बदलायच्या खोलीतून, थेट स्टेजवर. अर्ध्या वाटेत देओलिंडा थबकली.

"माझं कार्ड घ्यायचंय."

"आणवतो मी," वॉरन म्हणाला. "चला, लोक खोळंबलेत."

आणि ती चालायला लागली. लागली, कारण पडद्याच्या फटीतून तिला जिम भरलेलं दिसलं. पुढच्या रांगेत सगळे टेबर, सगळे पेकहॅम, आणि त्यांच्यामागे आपली माणसं, इस्त्रीचे शर्ट घालून. ती स्टेजवर आली तशी कुणीतरी उभं राहिलं. मग रांगच्या रांग उभी राहिली.

पुलाचा ठराव सगळ्यांत आधी घेतला. वॉरन बोलला. ग्वाल्तेरचं नाव त्याने अगदी बरोबर उच्चारलं. घरी सराव केला असणार. सभापतीने मत मागितलं, "हो"चा आवाज छतापर्यंत गेला, विरोधात कुणी नाही, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेनात. देओलिंडा गुच्छ घेऊन उभी होती. तिच्या मनात आलं, ऐका, ऐका रे, ज्यांनी त्याला दोन वर्षं फक्त शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून द्यायला उभं केलं त्यांनी ऐका. ज्या टेबरबाईने त्याला मागच्या दाराने यायला सांगितलं होतं, ती समोरच उभी राहून टाळ्या वाजवत होती. देओलिंडाच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

लोक बसत होते. खुर्च्या वाजत होत्या. त्याच आवाजात सभापतीने चष्मा नाकावर चढवला आणि चांदणीवाले ठराव वाचायला घेतले.

"नऊ. दहा. अकरा."

तिला कळायला एक क्षण लागला.

"चौदा. पंधरा. सतरा."

"रोखा," देओलिंडा म्हणाली.

आवाज बरा निघाला. सगळ्यांना ऐकू गेला. सभापती थांबला. म्हातारा पेकहॅम होता तो, नियमाचा पक्का, आणि नियमाचा पक्का असल्याचा त्याला अभिमान होता.

"मिसेस फुर्ताडो, कार्ड दाखवता का?"

तिने वॉरनकडे पाहिलं. वॉरन आपल्या कागदांत काहीतरी शोधत होता.

"कार्ड आणवतो म्हणाले होते," ती म्हणाली.

"तुमच्या नावावर दारात खूण झालेली नाही," टेबलावरची बाई खालून म्हणाली. तिचा आवाज खरोखर हळहळता होता. "तुम्ही अजून आलेल्याच नाही, देओलिंडा."

काही लोक हसले. वाईट हसले असं नाही. लाडाने हसले.

"मी तर इथे उभी आहे," देओलिंडा म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी आत्ता टाळ्या वाजवल्यात."

"मला तुमचा आवाज ऐकू आला," पेकहॅम म्हणाला. "नियमाला ऐकू आला नाही. मी काय करू? आज तुमच्यासाठी वाकवला तर उद्या कुणासाठीही वाकवावा लागेल. सभेत कार्ड असलेल्या कुणाला सतरा रोखायचाय का?"

तो थांबला. थांबला, हे खरं. बऱ्यापैकी थांबला.

देओलिंडाने ओतीलियाकडे पाहिलं. ती तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती, बरोबर त्या खुर्चीवर, जी जोएलने आईसाठी सांगितली होती. पिवळं कार्ड तिच्या मांडीवर होतं. ब्रेट तिच्या शेजारी, केस कापून, पाठ ताठ. ओतीलियाने पर्स उघडली. पर्समध्ये तोंड खुपसून ती काहीतरी शोधायला लागली. कार्ड घसरून पर्सखाली गेलं.

"अठरा," पेकहॅम म्हणाला. "वीस. एकवीस."

देओलिंडा स्टेजच्या पायऱ्या उतरू लागली. गुडघे दुखत होते, आणि गुच्छ खाली ठेवायचं सुचलं नाही. शेवटच्या पायरीवर होती तेव्हा हातोडा वाजला.

ती दाराशी गेली, नावावर खूण करून घेतली, कार्ड घेतलं आणि माइकसमोरच्या रांगेत उभी राहिली. दोन ठराव कुत्र्यांच्या मैदानाबद्दल होते. त्यावर बरंच भांडण झालं. तिची पाळी आली तेव्हा अर्धे लोक कॉफी प्यायला गेले होते.

"सतरा नंबर पुन्हा घ्या," ती म्हणाली. "माझा मुलगा त्या यादीत पहिला आहे. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

"पुन्हा घ्यायचा तर तो मागणारा जिंकलेल्या बाजूचा लागतो," पेकहॅम म्हणाला. "ज्याने 'हो' म्हटलं, त्यानेच म्हणायचं, माझं मन बदललं. तुम्ही तर मत दिलंच नाही. इथे कुणी आहे का, ज्याचं मन बदललंय?"

'हो' सगळ्यांनीच म्हटलं होतं. त्या सगळ्यांमधून एक माणूस हवा होता. ग्वाल्तेरच्या शवपेटीला खांदा दिलेले दोघे तिथे होते. मूल आजारी पडलं तेव्हा देओलिंडाने रात्री ज्यांच्या दारात सूप ठेवलं होतं, त्या घरांची माणसं तिथे होती. मागे कुणीतरी खोकलं. ओतीलियाला पर्समध्ये पेपरमिंट सापडलं होतं. तिने ते हळूच सोलून तोंडात टाकलं.

"पुढचा ठराव," पेकहॅम म्हणाला. मग जरा मऊ होऊन म्हणाला, "पुलाबद्दल अभिनंदन."

*

जोएल रात्रीच्या जेवणाआधी परतला. अंगाला शिंपल्यांचा वास. गुच्छ मोरीच्या कडेला पाण्याच्या डब्यात होता. तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मागचं दारही सांगितलं.

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"किती वेळ वाजवल्या टाळ्या?" त्याने विचारलं.

"बराच वेळ."

"सगळे उभे राहिले?"

"सगळे."

"मग झालं तर." त्याने बूट काढले आणि नीट भिंतीला लावून ठेवले. "बाबांचा पूल आणलास. आता रोज त्याच्यावरून कामाला जाईन."

 कायदेमंडळाने विनंती मान्य केली. चीफने जागेची जाहिरात दिली तेव्हा देओलिंडाने जोएलला मुलाखतीला जायला लावलं. टेबलापलीकडे चीफ, वॉरन आणि आणखी एक टेबर. त्यांनी विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? जोएलने विचार केला. तो विचार करत असतानाच वॉरन म्हणाला, "घाई नाही, जोएल, सावकाश," आणि घड्याळाकडे पाहिलं. ब्रेटला नेमणुकीचं पत्र आलं. ओतीलियाने गोड पाव भाजला आणि त्यातला अर्धा कुंपणावरून पुढे केला. देओलिंडाने घेतला. भाजलेला पाव टाकायचा नसतो.

लोकांना वाटलं दोघींचं बोलणं तुटेल. पण कारखान्यातल्या बाकीच्या बायका एकेक करून स्मशानात गेल्या होत्या. आपल्या भाषेत शिव्या कळणारं माणूस दुसरं कोण उरलं होतं? शिवाय ओतीलियाच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि गाडी फक्त देओलिंडा चालवायची.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात बोट विकली गेली आणि जोएल रस्त्याच्या कंत्राटदाराकडे लागला. त्याच उन्हाळ्यात गावाने पुलाचं डांबर उकरायला काढलं. देओलिंडा ओतीलियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाली होती. पुलाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ग्वाल्तेरचं नाव. अक्षरं बरोबर होती. पाटीखाली डांबराचा वाफाळता ढीग, आणि ढिगाशी फावडं घेऊन उभा जोएल, बनियन पाठीला चिकटलेलं.

रस्त्याच्या मध्यभागी ब्रेट उभा होता. नवा गणवेश, त्यावर पिवळं जाकीट. त्याने या बाजूच्या गाड्या हात दाखवून थांबवल्या होत्या. पलीकडून गाड्या सोडल्या होत्या, त्या वेगात येत होत्या, मध्येच एखादा ट्रक. त्या सगळ्या गाड्यांकडे त्याची पाठ होती. तो मोबाइल बघत होता. काहीतरी वाचून हसला.

जोएलने फावडं थांबवलं. त्याने ब्रेटच्या पाठीकडे पाहिलं. मग आईच्या गाडीकडे पाहिलं. तो बराच वेळ पाहत होता. मग वाकून डांबर उचललं.

ओतीलिया डोळे बारीक करून काचेतून बघत होती. तिला पिवळा ठिपका तेवढा दिसत असावा.

"माझा ब्रेट आहे ना तो?" ती म्हणाली. "मला नीट दिसत नाही गं. कसा उभा आहे, सांग ना."

देओलिंडाच्या बाजूची काच खाली होती. बाहेरून डांबराचा वास येत होता. नुसती हाक मारली असती तरी ब्रेटला ऐकू गेली असती.

तिने बटण दाबून काच वर केली.

"छान उभा आहे," ती म्हणाली.